भाव पडले म्हणून पक्ष उभा राहत नाही

वाचकाचे पत्र : मी इतिहास विषयात एम.ए. करते. माझे वडील कापूस पिकवतात, म्हणून प्रबंधिकेसाठी मी ‘एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत शेतकऱ्यांचे पॉप्युलिस्ट राजकारण का उदयास आले’ हा विषय आवडीने निवडला. शेतमालाचे घसरते भाव, रेल्वेचे दर, व्याजाचा बोजा, सोने-चांदीचा वाद, दुष्काळ, मक्तेदारी आणि दोन्ही मोठ्या पक्षांची उपेक्षा अशी सात कारणे मी लिहिली. सरांनी ‘ही यादी झाली, कारणमीमांसा नव्हे’ असा शेरा मारून वही परत केली. त्यातच एका ठिकाणी वाचले की त्या काळात रेल्वेचे दर उलट उतरतच होते. मग शेतकऱ्यांची तक्रार खोटी होती का? आणि दख्खनच्या दंग्यांशी, म्हणजे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावाशी, तुलना केली तर चालेल का? — एक विद्यार्थिनी, परभणी जिल्हा

उत्तर :

तुमच्या सरांचा शेरा झोंबणारा असला तरी योग्य आहे. मात्र तुमची सातही कारणे खोटी नाहीत, हे आधी सांगतो, कारण अशा शेऱ्यानंतर विद्यार्थी सगळेच फाडून टाकतात. मीही अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत हीच यादी फळ्यावर लिहीत असे आणि मुले ती उतरवून घेत असत. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, की भाव तर इलिनॉयमध्येही पडले होते, मग तिथे हा पक्ष का नाही वाढला? त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. तुमच्या निबंधाची दुरुस्ती याच प्रश्नापासून सुरू करा.

पॉप्युलिस्ट, म्हणजे पीपल्स पार्टीचे लोक, सर्वत्र सारखे बलवान नव्हते. १८९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून थोडी अधिक मते आणि २२ निर्वाचक मते (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मते) मिळाली. कॅन्सास, कोलोराडो, आयडाहो आणि नेव्हाडा ही राज्ये त्यांनी जिंकली. दक्षिणेत टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना या कापसाच्या राज्यांत त्यांचे खरे बळ होते, ते प्रामुख्याने राज्यांच्या निवडणुकांत दिसले. उलट आयोवा, इलिनॉय, विस्कॉन्सिन या सुपीक राज्यांत, जिथे १८७० च्या दशकात ग्रेंज या शेतकरी संघटनेने मोठी खळबळ माजवली होती, तिथे १८९० नंतर हा पक्ष फारसा रुजला नाही. तिथला शेतकरी मका विकण्याऐवजी डुकरांना घालून मांस विकू लागला होता, दुधाचा धंदा वाढला होता आणि शिकागोची बाजारपेठ जवळ होती. गहू एके गहू किंवा कापूस एके कापूस असा जुगार त्याला खेळावा लागत नव्हता. कोलोराडो आणि नेव्हाडाची गोष्ट वेगळी आहे. तिथे चांदीच्या खाणी होत्या आणि चांदीची नाणी मुक्तपणे पाडावीत ही पक्षाची एक मागणी होती, म्हणून त्या मतांना शेतकऱ्यांच्या खात्यात सरसकट जमा करू नका.

एक नकाशा काढा आणि प्रत्येक कारणाला विचारा, की जिथे चळवळ जोरात होती तिथे तू अधिक तीव्र होतास का, आणि १८८८ ते १८९२ याच वर्षांत का बोललास. या कसोटीतून गेल्यावर सातांतली काही कारणे मागे सरकतील आणि एक-दोन पुढे येतील.

माझ्या मते सर्वांत पुढे येते ते भाव आणि कर्ज यांचे नाते. निव्वळ भावघट हे स्पष्टीकरण पुरेसे नाही, कारण १८६५ साली यादवी युद्ध संपल्यानंतरच्या तीस वर्षांत जवळजवळ सगळ्याच वस्तू स्वस्त झाल्या. नांगर, कापड, साखर यांचे भावही उतरले, म्हणून काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की शेतकऱ्याचे फारसे नुकसान झालेच नाही. ही मांडणी एका जागी अडखळते, आणि ती जागा म्हणजे गहाणखत. बाजारातल्या वस्तूचा भाव बदलतो, पण गहाणखतावरचा आकडा बदलत नाही. १८८१ साली गव्हाचा भाव बुशेलला (धान्याचे तिथले माप) डॉलरच्या वर होता, १८९४ साली तो पन्नास सेंटच्या आसपास आला. ज्याने हजार डॉलर कर्ज घेतले त्याला आधी हजार बुशेलांच्या आत ते फिटले असते. आता दोन हजार बुशेल गहू घालावा लागणार. कागदावर कर्ज तेवढेच आहे, पण खळ्यावर ते दुप्पट झाले आहे. कापसाचेही तेच. १८७० च्या दशकाच्या आरंभी पौंडाला पंधरा सेंटच्या घरात असलेला भाव १८९४ मध्ये पाच सेंटच्याही खाली गेला. कर्ज नसलेल्या शेतकऱ्याला घसरते भाव टोचतात, पण कर्जदाराच्या हातून ते जमीन काढून घेतात.

इथे तुमचा ‘सोने-चांदीचा वाद’ हा वेगळा मुद्दा राहत नाही, तो याच मुद्द्याच्या पोटात येतो. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सरकारने १८६२ पासून ‘ग्रीनबॅक’ नावाच्या नोटा काढल्या, ज्यांच्या मागे सोने नव्हते. युद्धानंतर धनको आणि बँकांच्या मागणीवरून चलन आक्रसत गेले. १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर नाण्यांच्या यादीतून वगळला गेला, १८७५ च्या कायद्याने नोटांच्या बदल्यात सोने देण्याचे ठरले आणि १ जानेवारी १८७९ पासून ते अमलात आले. लोकसंख्या वाढत होती, उत्पादन वाढत होते, आणि पैसा त्या मानाने वाढत नव्हता. बँकांची मांडणीही शेतकऱ्याच्या विरुद्ध होती. राष्ट्रीय बँकांना जमिनीच्या तारणावर कर्ज देण्यास मनाई होती आणि अगदी लहान गावातही अशी बँक काढायला पन्नास हजार डॉलर भांडवल लागे, म्हणून दक्षिणेतल्या कित्येक तालुक्यांत बँकच नव्हती. शिवाय सुगीत सगळा माल एकदम बाजारात येई, पैशाची मागणी तेव्हाच सर्वांत जास्त असे, आणि तेव्हाच टंचाई होऊन भाव कोसळत. तुमच्या वडिलांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता रेल्वेचे दर. तुम्ही वाचलेले खरे आहे, त्या दशकांत वाहतुकीचे सरासरी दर उतरले. पण सरासरी कोणत्या मार्गांची, हे विचारले पाहिजे. शिकागो ते न्यूयॉर्क या मार्गावर तीन-चार कंपन्या एकमेकींशी झुंजत, म्हणून तिथे दर पडत. पश्चिम नेब्रास्कातल्या एखाद्या ठाण्यावर एकच रूळ असे, आणि तिथली कंपनी चढाओढीच्या मार्गावर सोसलेला तोटा त्या ठाण्यावर वसूल करी. त्यामुळे कधीकधी जवळच्या पल्ल्याला लांबच्या पल्ल्यापेक्षा अधिक भाडे पडत असे. रुळाशेजारचे धान्यकोठारही बहुधा एकाच मालकाचे असे, आणि तुमचा गहू पहिल्या प्रतीचा की तिसऱ्या, हे तोच ठरवी. ज्याच्या हाती तराजू, त्याच्याच हाती प्रत. शेतकऱ्याची तक्रार केवळ भाड्याच्या आकड्याची नव्हती, त्या आकड्यापुढे आपल्याला दुसरा मार्गच नाही याची होती.

या तक्रारीवर राजकीय उपाय आधी करून पाहिला गेला होता, हे मात्र निबंधात आले पाहिजे. ऑलिव्हर केली यांनी १८६७ मध्ये स्थापन केलेल्या ग्रेंजच्या दबावामुळे इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी रेल्वे व कोठारांच्या दरांवर मर्यादा घातल्या. १८७७ साली ‘मन विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार मान्य केला. १८८६ मध्ये ‘वाबॅश’ खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की राज्याच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या मालाच्या दरांवर राज्याला हात घालता येणार नाही. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आंतरराज्य व्यापार आयोग नेमला खरा, पण त्याला फारसे दात नव्हते. आपल्या विधानसभेत जिंकून भागत नाही, वॉशिंग्टन जिंकावे लागते, हा धडा शेतकऱ्यांना न्यायालयाने दिला.

दुष्काळाबद्दल थोडक्यात. १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅन्सास, नेब्रास्का, डकोटाच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस बरा झाला. रेल्वे कंपन्या आणि जमीन-दलाल सांगत फिरले की नांगर जातो तिथे पाऊस मागोमाग येतो. लोकांनी पूर्वेकडच्या भांडवलावर गहाण काढून जमिनी घेतल्या. १८८७ पासून पाऊस फिरकला नाही आणि नव्याने वसलेली गावे ओस पडू लागली. दुष्काळाने चळवळ निर्माण केली नाही, पण तिची वेळ ठरवली.

दक्षिणेकडे मात्र तुम्ही अधिक पाने द्या, कारण तुमच्या निबंधात दक्षिण जवळजवळ नाहीच, आणि मला वाटते याच गैरहजेरीमुळे तो यादीसारखा वाचला जातो. युद्धानंतर तिथे गुलामगिरी संपली, भांडवल संपले, आणि त्या पोकळीत पीकतारणाची पद्धत वाढली. शेतकरी वसंतात गावच्या दुकानदाराकडे जाई आणि अजून पेरलेल्याही नसलेल्या पिकाचे तारण लिहून देई. त्या बदल्यात वर्षभर पीठ, खारवलेले मांस, कापड, खत उधारीवर मिळे. उधारीची किंमत रोखीच्या किमतीहून बरीच चढी असे, त्यावर पुन्हा व्याज. शरद ऋतूत कापूस दुकानदाराच्या ताब्यात जाई, खतावणी उघडली जाई आणि बहुतेकांना कळे की एवढे करूनही खाते फिटलेले नाही. ते न फिटले तर पुढच्या वर्षीही त्याच दुकानदाराकडे जाणे भाग होते, आणि दुकानदार सांगे की कापूसच लाव, कारण कापसालाच बाजार आहे. अशा रीतीने भाव पडत असताना कापूस वाढत गेला आणि कापूस वाढला म्हणून भाव आणखी पडला. हा फास गोऱ्या आणि काळ्या दोन्ही शेतकऱ्यांच्या गळ्यात होता, आणि लहान जमीनमालक हळूहळू कुळे बनत होते.

या सगळ्यातून हालअपेष्टा समजतात. पक्ष का उभा राहिला हे अजूनही समजत नाही, आणि तुमच्या यादीत नसलेले कारण इथेच आहे. हाल सोसणारे लोक बहुधा सोसतात, स्थलांतर करतात किंवा एखाद्या रात्री दुकान जाळतात. टेक्सासमध्ये लँपॅसस तालुक्यात १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेने वेगळे काही केले. तिने फिरते व्याख्याते नेमले. गावोगावच्या शाखांत, शाळेच्या खोलीत नाहीतर चर्चमध्ये, शेतकरी आणि त्यांच्या बायका चलन, व्याज आणि गहाण यांवर चर्चा करू लागल्या. पुढे कॅन्सासमध्ये मेरी एलिझाबेथ लीजसारख्या वक्त्या याच वातावरणातून पुढे आल्या. आणि अलायन्सने सहकारी खरेदी-विक्री सुरू केली, म्हणजे दुकानदाराला वगळून कापूस एकत्र विकायचा आणि लागणाऱ्या वस्तू एकत्र घ्यायच्या.

अलायन्सचे नेते चार्ल्स मॅक्यून यांनी डलास येथे उभारलेल्या टेक्सास एक्स्चेंज या सहकारी खरेदी-विक्री संस्थेची कहाणी निबंधाच्या मध्यभागी ठेवा. योजना अशी होती की शेतकऱ्यांनी संयुक्त वचनचिठ्ठ्या लिहून द्यायच्या, एकमेकांना जामीन राहायचे, त्यांच्या बळावर एक्स्चेंजने बँकांकडून पैसा उभा करायचा आणि वर्षाचा माल घाऊक भावाने पुरवायचा. बँकांनी त्या चिठ्ठ्या तारण म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. एक्स्चेंज वाचवण्यासाठी ९ जून १८८८ रोजी टेक्सासभर शेतकरी आपापल्या तालुक्याच्या न्यायालयासमोर जमले आणि ज्याला जमेल तेवढे पैसे देण्याची वचने दिली. ते पुरले नाही; दीड-एक वर्षात एक्स्चेंज बुडाले. त्याच हंगामात कापसाच्या गाठी बांधायच्या तागाच्या गोणपाटाचा भाव मक्तेदारांनी भरमसाट वाढवला, तेव्हा अलायन्सने गोणपाटावर बहिष्कार टाकून सुती कापडात गाठी बांधल्या आणि ती लढाई जिंकलीही. (तो ताग मुळात बंगालचा होता, तळटीपेत घालायला हरकत नाही.) पण कर्जाची लढाई बहिष्काराने जिंकता येईना.

मॅक्यून यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात मांडला गेला. सरकारने गोदामे बांधावीत, शेतकऱ्याने न सडणारा माल तिथे ठेवावा आणि त्याच्या चालू किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज सरकारी नोटांत, वर्षाला एक टक्का व्याजाने मिळावे, म्हणजे सुगीत पडेल भावाने विकावे लागणार नाही. आपल्या बाजार समित्यांतल्या शेतमाल तारण योजनेचे तत्त्व तुम्हाला ठाऊक असेल. कल्पना त्याच जातीची आहे, पण तिथे नवी नोटाही त्याच वेळी छापली जाणार होती, म्हणून ती एकाच वेळी कर्जाची आणि चलनाची योजना होती. दोन्ही मोठ्या पक्षांनी ती हास्यास्पद ठरवली. सहकाराचा प्रयोग फसला नसता तर ही मागणी जन्मली नसती, आणि मागणी नाकारली गेली नसती तर तिसरा पक्ष जन्मला नसता. हा क्रम तुमच्या निबंधाचा कणा व्हावा, असा माझा सल्ला आहे.

पक्षांच्या उपेक्षेचा मुद्दाही मग नेमका लिहिता येईल. उत्तरेत आणि पश्चिमेत रिपब्लिकन पक्ष युद्धाच्या आठवणीवर मते घेई, दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्ष गोऱ्यांच्या एकजुटीवर. पोटाचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचत नसे. कॅन्सासमध्ये पक्ष सोडणे तुलनेने सोपे होते, म्हणून १८९० मध्येच नव्या पक्षाने तिथले कनिष्ठ सभागृह जिंकले आणि विल्यम पेफर सिनेटवर गेले. दक्षिणेत अलायन्सने त्याच वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवारांकडून वचने घेऊन अनेक विधानसभा जिंकल्या, आणि निवडून आल्यावर त्यातल्या बहुतेकांनी वचने विसरून दाखवली. त्या अनुभवानंतरच जॉर्जियाचे टॉम वॉटसन यांच्यासारखे लोक पक्ष सोडून बाहेर पडले, आणि ४ जुलै १८९२ रोजी ओमाहाच्या अधिवेशनात पीपल्स पार्टीचा जाहीरनामा संमत झाला.

वंशाच्या प्रश्नावर भाबडे लिहू नका. गोऱ्यांच्या अलायन्समध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून १८८६ मध्ये टेक्सासमध्ये कलर्ड फार्मर्स अलायन्स वेगळी निघाली. १८९१ मध्ये काळ्या मजुरांनी कापूस वेचणीच्या दरासाठी संप पुकारला तेव्हा गोऱ्या अलायन्सच्या नेत्यांनी त्याला विरोध केला आणि आर्कान्सामध्ये तो हिंसेने चिरडला गेला. एक संघटना शेतमालकांची होती, दुसरीत मजूर मोठ्या संख्येने होते. ‘शेतकरी’ हा शब्द दोघांना सारखाच लागू पडत नव्हता.

दख्खनच्या दंग्यांशी तुलना जरूर करा, पण जपून. मोह असा होतो की अमेरिकी यादवी युद्धात कापसाचे भाव चढले, १८६५ नंतर कोसळले, म्हणून १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, असे लिहावे. पण सुपे आणि भोवतालचा पुणे-नगरचा पट्टा हा मुख्य कापूसपट्टा नव्हता; तो वऱ्हाड आणि खानदेश. तेजीच्या काळात वाढलेली सावकारी पत, नंतर आटलेली उधारी आणि वाढवलेला शेतसारा यांतून कारणांचा हा धागा न्यावा लागेल. तुलनेतला उपयोगी फरक मला असा दिसतो, की सुप्याच्या शेतकऱ्याला मत नव्हते, म्हणून त्याने कर्जरोखा हिसकावून जाळला आणि त्याला उत्तर म्हणून १८७९ चा कर्जदार शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा सरकारनेच वरून दिला. कॅन्सासच्या शेतकऱ्याने कर्जरोखा कोणत्या चलनात फेडायचा, हा प्रश्न निवडणुकीत नेला. थेट धागा हवा असेल तर तो १८९३ चा आहे. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला (कुणीही चांदी आणून नाणी पाडून घेण्याला) बंद केल्या, जगात चांदीचा भाव काही दिवसांत गडगडला, आणि आधीच मंदीत सापडलेल्या अमेरिकेत सरकारी चांदीखरेदीचा कायदा त्याच वर्षी रद्द झाला.

मराठीत ‘पॉप्युलिझम’साठी ‘लोकानुनय’ हा शब्द रूढ आहे, पण या निबंधात तो वापरू नका. त्यात फुकट वाटपाचा उपहास आहे, तर ‘पॉप्युलिस्ट’ हे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला या पक्षाच्या लोकांना पडलेले नाव होते आणि त्यांनी ते स्वतःही घेतले. आणि डेमोक्रॅट नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे चांदीच्या बाजूचे १८९६ चे गाजलेले भाषण, ज्यावर तुम्ही शेवटची चार पाने खर्च केली आहेत, ते काढून टाका. तुमचा प्रश्न उदयाचा आहे, आणि त्या वर्षी पक्ष डेमोक्रॅटांच्या मागे जाऊन गोदामांची योजना सोडून मुख्यतः चांदीवर आला. त्या चार पानांच्या जागी टेक्सासचा तो जून लिहा.